शिमग्याची पारध आणि मिरा रोडचा चाकरमानी

मिरा-भाईंदरची ओळख लोकलच्या गर्दीवरून आणि काशीमिऱ्याच्या वाहतूक कोंडीवरून ठरते. पण याच महापालिकेच्या पूर्वेकडच्या हद्दीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उतरतात. काशीमिरा, चेणे, घोडबंदर या बाजूला आदिवासी पाडे आहेत. घोडबंदर रस्त्याच्या उत्तरेला, वसईच्या खाडीपर्यंत, उद्यानाचा नागला भाग पसरलेला आहे. या रानात सांबर आहे, चितळ आहे, भेकर आहे, रानडुक्कर आहे आणि त्यांच्या मागावर बिबट्या आहे. शिकारीचं जनावर रिक्षाच्या अंतरावर असूनही इथल्या बहुतेकांच्या तोंडी शिकारीची जी गोष्ट असते, ती या डोंगरातली नसते. ती तीनशे-चारशे किलोमीटरवरची असते. गुहागरची, लांज्याची, राजापूरची, कणकवलीची. शिमग्याला किंवा मे महिन्यात गावाला गेलेला चाकरमानी, त्याचे चुलतभाऊ, मेहुणे, वाडीतले जुने सवंगडी, दोन बंदुका, चार कुत्री आणि एक रात्र किंवा एक सकाळ. परत आल्यावर सोसायटीच्या गच्चीवर त्याची चर्चा, आणि अलीकडे मोबाईलवर व्हिडिओ.

ही पारध कायद्याने गुन्हा आहे आणि तरीही ती चालते. ती बरी की वाईट, परंपरा की चोरी, शेतकऱ्याची गरज की शहरी माणसाची हौस, यावर महाराष्ट्रात चार वेगवेगळी भांडणं चालू असतात आणि चारही भांडणारे एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी धरून बसलेले असतात. त्या सुट्या करून पाहिल्याशिवाय या प्रश्नाचा आढावा घेता येत नाही.

आधी अमेरिकेकडे पाहू, कारण घरच्यांबरोबरच्या शिकारीचं समर्थन करणारा प्रत्येकजण शेवटी तिथेच जाऊन पोचतो. तिकडे गेलेला भाचा फोटो पाठवतो: बर्फाळ डोंगर, नारिंगी जाकिटं, बाप-लेक आणि पायाशी एल्क. एल्क म्हणजे आपल्या सांबराचाच थोराड नातेवाईक, दोघेही सारंगकुळातले, दोघांची शिंगं दरवर्षी गळून नवी येणारी. कोलोरॅडो, मोंटाना, वायोमिंग या राज्यांत शरद ऋतूत एल्कच्या शिकारीला कुटुंबंच्या कुटुंबं निघतात, आणि ते उघडपणे, परवाना घेऊन. राज्याचं वन्यजीव खातं कळपांचा अंदाज घेतं, कोणत्या भागात किती नर आणि किती माद्या मारू द्यायच्या ते ठरवतं, तेवढेच परवाने काढतं. अनेक भागांत त्यासाठी सोडत असते. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही शिकारीचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय परवाना मिळत नाही. रायफलच्या हंगामात अंगावर झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा सक्तीचा. मांस विकायचं नाही, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून यायचंही नाही, दोन्ही गुन्हे. बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार कत्तलीने एल्क एक लाखाच्याही खाली आले होते. आज उत्तर अमेरिकेत ते सुमारे दहा लाख आहेत.

म्हणजे तिथे शिकारीने जनावर वाचलं, असं म्हणायला जागा आहे. पण ती व्यवस्था मोजणीवर उभी आहे. किती आहेत ते ठाऊक, म्हणून किती मारायचे ते ठरवता येतं. आपल्याकडे वाघांची मोजदाद होते, बिबट्यांची होते. पण राजापूर तालुक्यात रानडुकरं किती, भेकरं किती, याचा भरवशाचा आकडा घेऊन परवाने वाटायला बसेल असं कार्यालय नाही. शिवाय तिथे मैलोन्मैल सरकारी जमीन मोकळी आहे. आपल्याकडे दोन वाड्यांमध्ये जेमतेम एक डोंगर असतो, त्यात गुराखी असतो, लाकूडफाट्याला गेलेली बाई असते आणि करवंदं काढणारी पोरं असतात. भाच्याचा फोटो पाहून ‘आपल्याकडेच बंदी का’ म्हणणाऱ्याने एवढं तरी लक्षात घ्यावं.

आपल्याकडे शिकारीच्या दोन वेगळ्या परंपरा होत्या आणि त्यांची गल्लत फार होते. पहिली राजेरजवाड्यांची. सवाई माधवरावांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, आणि देशी चित्ते संपत आल्यावर ते आफ्रिकेतून आणले जात. दाजीपूरचं रान हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान. पुढे १९५८ साली गव्यांसाठी राधानगरी अभयारण्य झालं ते त्याच जागी. राजाने स्वतःसाठी राखून ठेवलं म्हणून रान टिकलं, ही गोष्ट खरी आहे. गावकऱ्याला तिथे पाऊल टाकू दिलं नाही म्हणून टिकलं, हीही तेवढीच खरी.

साहेबाची आणि शहरी श्रीमंतांची शिकार याच परंपरेची शाखा. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही सुरुवातीला बरीचशी शिकाऱ्यांचीच मंडळी होती. तिच्या आठ संस्थापकांमध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. सालिम अलींची गोष्ट तर सगळ्यांनाच ठाऊक असते: खेतवाडीतलं मोठं एकत्र कुटुंब, शिकारीचे शौकीन मामा अमिरुद्दीन तय्यबजी, हातात छऱ्याची बंदूक, आणि मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखायला घेऊन गेलेला मुलगा. घरच्या शिकारीतून देशाचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ निघाला. हुमायून अब्दुलालीही शिकारीच होते. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी व पक्षी संरक्षण कायद्यामागे त्यांचा मोठा हात होता. व्यंकटेश माडगूळकर आधी बंदूक घेऊन रानात जात. पुढे वही-पेन्सिल घेऊन नागझिऱ्यात जाऊन राहिले. बंदूक ठेवल्यावरच त्यांना रान दिसलं असं कुणी म्हणतात. मला ते पटत नाही. रान वाचायला ते बंदुकीच्या दिवसांतच शिकले होते.

दुसरी परंपरा गावची. कोकणातल्या पारधीत राजा नसतो, पाहुणा नसतो, फोटोही नसायचा. तिथे हाका असतो. वाडीतल्या जाणत्याला जनावर दिवसा कुठल्या झाळीत पडून असतं आणि उठलं की कुठल्या घळीने, कुठल्या पाणंदीने निघतं ते पाठ असतं. बंदूकवाले आधी जाऊन त्या वाटांवर बसतात, वारा आपल्याकडून जनावराकडे जाणार नाही असं बघून. मग बाकीचे उलट्या बाजूने ओळ धरून सुटतात. डबे बडवत, आरडत, कुत्र्यांना चेव देत. बंदूक बहुतेकदा ठासणीची. नळीत दारू घालायची, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छरे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासायचं, आणि शेवटी टोपी बसवायची. एवढा खटाटोप एका बारासाठी. तो बार चुकला किंवा डुक्कर नुसतंच जखमी झालं, तर दुसरा बार भरायला वेळ मिळत नाही, आणि जखमी एकुलगा कसा अंगावर येतो ते मांडीवरची खूण दाखवून सांगणारा एक तरी म्हातारा प्रत्येक वाडीत असतो.

मग वाटे. कुठे मारणाऱ्याला मुंडी, कुठे बंदुकीचा वेगळा वाटा, कुठे कुत्र्याचाही. रीत गावागणिक बदलते. पण हाक्याला आलेल्याला वाटा मिळतोच, आणि ज्या घरातला पुरुष मुंबईला आहे त्या घरीही पानात बांधून मांस पोचतं. कित्येक गावांत पारध शिमग्याला जोडून निघे, निघण्यापूर्वी देवाला गाऱ्हाणं घातलं जाई. ही शिकार मर्दुमकीपेक्षा वाटणीची होती. उन्हाळ्यात कुळथाच्या पिठीवर आणि सुक्या मासळीवर निभावणाऱ्या घरांना वर्षातून दोन-चार वेळा मिळणारं ताजं मांस, आणि त्याच खेपेत नाचणीच्या, वरीच्या शेताचा एक शत्रू कमी. चाकरमान्याला आठवते ती हीच पारध. त्याची ती आठवण खोटी नाही.

पण आज तो ज्या पारधीला जातो तिचं नाव तेवढं जुनं उरलं आहे. वरकस जमिनीवरची नाचणी बहुतेक ठिकाणी गेली. आंबा-काजूच्या बागा आल्या, वाड्या ओस पडल्या, पडीक जमिनीवर झाळी माजली आणि डुकरांना रान मोकळं मिळालं. हाक्याला उभी राहतील एवढी माणसं गावात उरली नाहीत. म्हणून रात्री गाडीतून, बॅटरीच्या झोतात डोळे चमकवून बार काढण्याची पद्धत आली. त्यात नर-मादी कळत नाही, पोटात पिलू आहे का ते कळत नाही. भेकर, पिसोरी, साळिंदर, समोर येईल ते. झाळीमागे हललं म्हणून बार काढला आणि आपलाच साथीदार पडला, अशा बातम्या कोकणातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. अशा वेळी पारधीला कोण कोण होतं ते पोलिसांना सांगायला गावात कुणी पुढे येत नाही. मेलेला चुलतभाऊ असतो आणि मारणाराही चुलतभाऊच.

याहून वाईट फासकी. गाडीच्या क्लचची किंवा ब्रेकची तार घ्यायची, डुकराच्या वाटेवर गाठ मारून लावायची आणि घरी जाऊन झोपायचं. तार जनावर निवडत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या घटना वरचेवर घडतात. कमरेला तार आवळलेला बिबट्या सोडवायला वनखात्याचं पथक येईपर्यंत बघ्यांची जत्रा भरते आणि जनावर स्वतःच्याच ओढीने आत कापत जातं. पिठाच्या गोळ्यात दडवलेला गावठी बॉम्ब हा आणखी एक प्रकार. तो चावणाऱ्याचा जबडा उडतो. मग ते डुक्कर असो, गाय असो की कुत्रा. हे सगळं ‘आमची परंपरा’ या शब्दांखाली झाकून न्यायचं म्हणजे परंपरेलाच बदनाम करणं आहे.

कायदा काय म्हणतो? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातली शिकारीची व्याख्या लोक समजतात त्याहून बरीच रुंद आहे. मारणं तर आलंच. पण पकडणं, फासे लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं, हाका घालून जनावर उठवणं आणि यांतलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न, हे सगळं शिकारच. म्हणजे डबा बडवणारा चाकरमानी ‘मी तर बंदुकीला हातही लावला नाही’ म्हणून सुटत नाही. सर्वाधिक संरक्षण असलेल्या पहिल्या अनुसूचीतलं जनावर असेल, किंवा गुन्हा अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात घडला असेल, तर किमान तीन वर्षांचा आणि सात वर्षांपर्यंतचा तुरुंगवास आहे. शेतसंरक्षणासाठी मिळालेला ठासणीच्या बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. निवडणूक लागली की त्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तेव्हा गावात बंदुका नेमक्या किती, ते सगळ्यांनाच कळतं. एरवी तो विषय निघत नाही.

मित्रांबरोबरच्या शिकारीचा देशातला सर्वांत गाजलेला खटलाही मुंबईकराचाच आहे. १९९८ साली जोधपूरजवळ काळवीट मारल्याच्या प्रकरणात सलमान खानला २०१८ मध्ये न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली, सोबतचे कलाकार सुटले आणि सलमान दोन दिवसांत जामिनावर बाहेर आला. चित्रीकरण कौटुंबिक एकोप्याच्या सिनेमाचं चाललं होतं. हा तपशील मी रचला असता तर संपादकांनी तो फार सोपा म्हणून कापला असता.

हा खटला वीस वर्षं चालला तो बिष्णोई समाजाने लावून धरला म्हणून. आपल्या कोकणात, विदर्भात शिकारीविरुद्ध असा गाव उभा राहिल्याचं सहसा दिसत नाही, आणि त्यामागे कारण आहे. ज्याच्या शेतात रोज रात्री डुकरं शिरतात तो डुकराची बाजू कशाला घेईल? विदर्भात हाच प्रश्न रोहींचा, म्हणजे नीलगायींचाही आहे. एका रात्रीत कळप हरभरा झोपवून जातो. भुईमूग, मका, ऊस, रताळी यांचं डुकरं काय करतात ते सकाळी शेतात उभं राहिल्याशिवाय समजत नाही. नुकसानभरपाई आहे, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा, सातबारा आणि खेपा. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली पिकांचं नुकसान करणारी रानडुकरं आणि रोही मारण्याची परवानगी देण्याची पद्धत काढली. २०१६ मध्ये केंद्राच्या अशाच परवानग्यांवरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. परवानगी कागदावर राहिली. ती मिळाली तरी शेतकऱ्याने मारायचं कशाने? त्याच्याकडे बंदूक नाही, आणि असली तर नेम नाही. शिवाय मारलेलं जनावर कायद्याने सरकारी मालमत्ता. ते पुरायचं किंवा जाळायचं. गावची पारध ज्या वाट्यावर उभी होती तो वाटाच इथे नाही, मग हाक्याला कोण येणार? केरळने हाच प्रश्न ग्रामपंचायतींकडे अधिकार देऊन आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्या करून सोडवायचा प्रयत्न केला आहे. त्यातही मांस खायचं की पुरायचं यावरून वाद आहेच.

आदिवासींचा प्रश्न याहून वेगळा, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. नागला आणि येऊरच्या कुशीतल्या वारली-कातकरी पाड्यांना शिकार नवी नाही. वारली चित्रांत तारपा आणि लग्नचौकाइतकीच शिकारही भेटते. याच लोकांनी वाघोबाला देव मानला आणि वाघबारस पाळली. मारणं आणि पूजणं त्यांच्याकडे एकाच घरात नांदलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना जमीन, गौण वनोपज, चराई असे अनेक हक्क मान्य केले, पण त्याच कायद्यात शिकारीचा आणि सापळे लावण्याचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. फासेपारध्यांच्या वाट्याला तर दुहेरी मार आला. इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं, आणि तो शिक्का १९५२ साली पुसला गेल्यावर वीस वर्षांत त्यांचा तितर-लाव्यांचा, हरणांचा धंदाच बेकायदा झाला. दुसरा धंदा कुणी दिला नाही. शाहू महाराजांनी पारध्यांना नोकरीत घेऊन जे करून दाखवलं ते स्वतंत्र भारताच्या सरकारांना मोठ्या प्रमाणावर जमलेलं नाही.

भामरागडच्या रानातली हेमलकशाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा. तिथल्या माडिया गोंडांसाठी शिकार म्हणजे पोट. एकदा शिकार करून परतणाऱ्या माडियांकडे डॉ. प्रकाश आमट्यांना मेलेली माकडीण आणि तिला चिकटलेलं जिवंत पिल्लू दिसलं. त्यांनी उपदेश केला नाही. पिल्लू मागितलं, बदल्यात धान्य दिलं. त्यातून पुढे हेमलकशाचं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. सोबत दवाखाना होता, शाळा होती, शेतीची मदत होती. शिकार कमी झाली ती भूक कमी झाली म्हणून. आमट्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लावलेला हा क्रम आपल्या धोरणात मात्र उलटा आहे: आधी बंदी, मग गुन्हा, आणि जमलं तर शेवटी पोट.

तेव्हा चार भांडणांचे चार निकाल. राजाच्या आणि साहेबाच्या थाटाची हौशी शिकार परत सुरू करावी, पर्यटन म्हणून परवाने विकावेत, ही मागणी फेटाळण्याच्याच लायकीची आहे. मोजणीची व्यवस्था नसताना परवाने विकले की काय होतं ते १९७२ च्या आधी शिकार कंपन्यांनी मध्य भारतात दाखवून दिलं. त्या वर्षीच्या गणनेत देशात वाघ उरले होते १८२७. शेतकऱ्याचा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर त्याच्या हातात कागद देणं हे नव्हे. वनखात्यानेच तालुक्याला प्रशिक्षित पथक ठेवावं, तक्रारीनंतर ठरलेल्या दिवसांत ते शेतावर यावं, आणि भरपाई पुढचा पेरा होण्याआधी मिळावी. आदिवासीने पोटासाठी धरलेला ससा आणि फार्महाऊसवर रात्री मारलेलं सांबर यांना एकाच तागडीत तोलणारा कायदा कागदावर समान असला तरी व्यवहारात आदिवासीलाच गाठतो, कारण त्याच्याकडे वकील नसतो.

राहिला मिरा रोडचा चाकरमानी. त्याला शेत राखायचं नाही, शेत भावकीने कधीच पडीक टाकलं आहे. त्याला भूकही नाही. महामार्गावर चिपळूणला थांबून त्याने मटणाची थाळी खाल्लेली असते. त्याला हवी असते भावांबरोबरची ती एक रात्र. ती हवीशी वाटणं समजण्यासारखं आहे. पण भावांबरोबर जागायला शिमग्याची पालखी आहे, खेळे आहेत, पावसाळ्यात चढणीचे मासे आहेत, आणि पडीक शेताला कुंपण घालायचं काम तर वर्षानुवर्षं वाट बघतंय. त्यासाठी भेकराच्या डोळ्यांवर बॅटरी मारायची गरज नाही, आणि पाच मिनिटांच्या व्हिडिओपायी गावातल्या चुलतभावाला वनकोठडीत बसवायची तर अजिबात नाही. कारण व्हिडिओ काढणारा रविवारी रात्री गाडीत बसून निघून येतो. वनरक्षक सोमवारी सकाळी ज्याच्या दारात उभा राहतो तो गावातला असतो.

या शिमग्याला गावी जाल तेव्हा वाडीच्या भोवतालच्या झाळीत एकदा दिवसाउजेडी फिरा आणि तारेची फासकी दिसली तर वनखात्याला कळवा. हेल्पलाईनचा क्रमांक १९२६. तोच क्रमांक काशीमिऱ्यालाही चालतो.